ग्रामर पाठ आहे, पण बोलताना तीच चूक परत परत होते? या क्रमाने तपासा

मराठी मीडियममधून शिकलेल्या आणि आता नोकरीत इंग्रजी बोलावं लागणाऱ्या लोकांना मी बरीच वर्षं शिकवतोय. संध्याकाळची बॅच असते, बँकेतले, मेडिकलवाले, कारखान्याच्या ऑफिसातले असे लोक येतात आणि तक्रार बहुतेकांची एकच असते, "सर, ग्रामर सगळं येतं हो, पण तोंड उघडलं की गडबड." मग माणूस काय करतो, तर परत पहिल्यापासून बारा काळ पाठ करायला बसतो, नवं पुस्तक आणतो, नवा कोर्स लावतो. दोन महिन्यांनी चूक तिथेच. कारण बिघाड एकीकडे आणि दुरुस्ती भलतीकडे चाललेली असते. म्हणून मी आता कुणी आलं की शिकवायला सुरुवात करायच्या आधी तपासतो, आणि कसं तपासतो तेच इथे लिहितोय, म्हणजे तुम्हाला घरच्या घरी करता येईल.

लक्षणं आधी बघा

रिकाम्या जागा भरा दिलं तर तुम्ही बरोबर भरता, पण फोनवर मात्र "आय डिडन्ट वेन्ट" निघून जातं. बोलून झाल्यावर दोन सेकंदांत कळतं की चुकलं. शब्द आठवत नाहीत असं फारसं होत नाही, वाक्य मात्र बिकॉजच्या पुढे वाकडं होत जातं. नवीन शिकलेलं बरोबर येतं पण जुन्या तीन-चार चुका वर्षानुवर्षं हलत नाहीत. क्लास चालू असेपर्यंत सुधारणा, क्लास संपला की परत पहिल्यासारखं.

यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं वाचा. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार जुनं ठाऊक आहे, लॅरी सेलिंकर यांनी 1972 मध्येच याला फॉसिलायझेशन म्हटलं होतं, म्हणजे चूक मुरून दगडासारखी घट्ट होणं. तेव्हा तुम्ही ढ आहात म्हणून होतंय असं अजिबात मनात आणू नका. मोठ्या वयात दुसरी भाषा शिकणाऱ्यांमध्ये जगभर हे दिसतं.

तपासणी 1: ही चूक खरंच चूक आहे का? (फुकट, पाच मिनिटं)

आधी हे, कारण लोक नको त्या गोष्टी दुरुस्त करण्यात महिने घालवतात. मराठी वळणाचे उच्चार ही चूक नाही, समोरच्याला कळतंय ना, मग झालं. "प्रीपोन" हा शब्द भारतात सर्रास चालतो आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे, बिनधास्त वापरा. "कझिन ब्रदर" म्हटल्याने कुणाचं काही बिघडत नाही. फक्त ऐकणारा बाहेरच्या देशातला असेल तर थोडं जपायचं, उदाहरणार्थ "आय पास्ड आउट इन 2015" यातून अमेरिकेतल्या माणसाला तुम्ही 2015 मध्ये बेशुद्ध पडलात असं वाटेल, तिथे "ग्रॅज्युएटेड" म्हणा. एवढं बाजूला काढलं की उरतात त्या खऱ्या चुका.

तपासणी 2: मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि कागदावर उतरवा (फुकट, अर्धा तास)

फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि काल कामावर काय झालं ते दोन मिनिटं इंग्रजीत सांगा. लिहून वाचायचं नाही, आधी मनात जुळवायचं नाही. मग ऐकत ऐकत जसंच्या तसं लिहून काढा, अं-अं सुद्धा. लिहिताना सुधारायचा मोह होतोच, तो टाळा, नाहीतर सगळी तपासणी वाया.

हे का महत्त्वाचं, तर आपली चूक कुठली याबद्दल माणसाचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. माझ्याकडे एका बँकेच्या लोन डेस्कवरची मुलगी आली होती, तिचं ठाम म्हणणं की माझी व्होकॅब्युलरी कमी आहे, रोज दहा शब्द पाठ करायची. तिच्या रेकॉर्डिंगमधला तुकडा असा होता:

"यस्टर्डे वन कस्टमर हॅज कम. ही डिडन्ट ब्रॉट हिज पॅन कार्ड. आय टोल्ड टू हिम, व्हाय यू हॅव नॉट ब्रॉट? ही सेड, आय ॲम हॅविंग फोटो इन मोबाइल."

वाचा परत एकदा. शब्द कुठलाच कमी नाही. जे आहे ते सगळं वाक्याच्या बांधणीत आहे, आणि प्रत्येक चुकीच्या मागे एक स्वच्छ मराठी वाक्य उभं आहे. काल एक कस्टमर आला आहे. त्याने पॅन कार्ड आणलं नाही. मी त्याला सांगितलं. या मुलीने रोज शंभर शब्द पाठ केले असते तरी हा तुकडा असाच राहिला असता.

तपासणी 3: आपलीच चूक आपल्याला सापडते का? (फुकट, पण एक दिवस थांबा)

तोच कागद दुसऱ्या दिवशी लाल पेन घेऊन तपासा, दुसऱ्या कुणाचा पेपर असल्यासारखा. सगळ्या तपासण्यांत मला ही सर्वात मोलाची वाटते, कारण इथे रस्ता दोन दिशांना फुटतो.

जी चूक तुम्हाला स्वतःला सापडली, तिथे नियम तुम्हाला येतो, फक्त बोलायच्या वेगात तो हाताशी येत नाही. अमेरिकेतले भाषातज्ज्ञ स्टीफन क्रॅशन यांनी 1980 च्या दशकात हे चांगलं मांडलंय, की पाठ केलेला नियम वापरायला वेळ लागतो, लक्ष वाक्याच्या रूपाकडे असावं लागतं, आणि नियम मुळात माहीत असावा लागतो. परीक्षेत तिन्ही गोष्टी असतात. कस्टमर समोर उभा असताना पहिल्या दोन नसतात, म्हणून पेपरात पैकीच्या पैकी आणि काउंटरवर गडबड. अशा चुकीला परत नियम वाचणं हा उपाय नाही, तिथे तोंडाला सवय लावावी लागते.

जी चूक सापडलीच नाही, तिथे नियमच बसलेला नाही, किंवा चुकीचा बसलाय. तिथे मात्र पुस्तक उघडायचं, पण फक्त तेवढंच पान.

त्या मुलीला "डिडन्ट ब्रॉट" लगेच दिसलं, "व्हाय यू हॅव नॉट" पण दिसलं. "हॅज कम" आणि "ॲम हॅविंग" मात्र तिला शेवटपर्यंत बरोबरच वाटत होतं. एकाच तुकड्यात दोन वेगळे आजार, आणि दोघांना औषध वेगळं.

तपासणी 4: वाक्य मराठी साच्यातून निघतंय का? (फुकट, आठवडाभर)

आता प्रत्येक चुकीच्या शेजारी तेच वाक्य मराठीत लिहा. आपल्याकडच्या बहुतेक मुरलेल्या चुका मोजक्या साच्यांतून येतात, आणि साचा कळला की एक चूक नाही, तिच्यासोबतच्या दहा सापडतात. मी सतत बघतो ते साचे सांगतो.

सगळ्यात जास्त भेटणारा डिड-वाला. मराठीत "आणलं नाही" म्हणताना भूतकाळ "आणलं" मध्येच राहतो आणि नाही मागून येऊन चिकटतं. इंग्रजीत डिड आलं की भूतकाळ डिडने उचलला, मागचं क्रियापद परत मूळ रूपात जातं. डिडन्ट ब्रिंग, डिडन्ट गो, डिडन्ट रिसीव्ह. एका वाक्यात भूतकाळ एकदाच, एवढं डोक्यात ठेवा.

दुसरा "आहे"चा. "मी काल मेल पाठवला आहे" हे मराठीत अगदी व्यवस्थित वाक्य आहे, ऑफिसात आपण दिवसभर असंच बोलतो. त्यातून "आय हॅव सेंट द मेल यस्टर्डे" येतं आणि ते इंग्रजीत चालत नाही. काल, गेल्या आठवड्यात, 2019 मध्ये, दहा वाजता, अशी संपलेली वेळ वाक्यात आली की हॅव-हॅज काढून टाका, "आय सेंट द मेल यस्टर्डे". वेळ सांगितली नाही आणि फक्त काम झालंय एवढंच कळवायचंय, तर "आय हॅव सेंट द मेल" एकदम बरोबर.

याच "आहे"मुळे आणखी एक भानगड होते. माझ्याकडे फोटो आहे, मला समजतंय, मला माहीत आहे, यातून ॲम आणि आयएनजी येऊन बसतं, "आय ॲम हॅविंग", "आय ॲम अंडरस्टँडिंग", "आय ॲम नोइंग". मालकी असणं, माहीत असणं, समजणं, आवडणं या करायच्या क्रिया नाहीत, स्थिती आहेत, त्यांना साधारणपणे आयएनजी लावत नाहीत. "आय ॲम हॅविंग लंच" चालतं, कारण तिथे हॅव म्हणजे जेवणं, ती क्रिया आहे.

मग "पासून". पाच वर्षांपासून आणि 2019 पासून, मराठीत दोन्हीला पासूनच, शिवाय क्रियापद वर्तमानकाळात, "मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय". म्हणून "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स". यात दोन चुका आहेत आणि लोक बहुधा एकच दुरुस्त करतात. कालावधी मोजून सांगितला तर फॉर, सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स, आणि तेव्हा सुरू होऊन आजही चालू असेल तर हॅव बीन. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स", "आय हॅव बीन वर्किंग हिअर सिन्स 2019". इंटरव्ह्यूत हे वाक्य नक्की येतं, त्यामुळे इंटरव्ह्यूवाल्यांकडून मी सगळ्यात आधी हेच करून घेतो.

प्रश्नाची गोष्ट अशी की मराठीत शब्द जागचे हलवावे लागत नाहीत, प्रश्नार्थक शब्द टाकला की झाला प्रश्न. इंग्रजीत हलवावे लागतात, "व्हाय हॅवन्ट यू ब्रॉट इट?" आणि गंमत म्हणजे तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की शब्द परत सरळ होतात, "आय डोन्ट नो व्हेअर ही इज". एवढं शिकल्यावर लोक "आय डोन्ट नो व्हेअर इज ही" करायला लागतात, तो सुधारणेच्या वाटेवरचाच टप्पा आहे, घाबरू नका.

बाकीचे पटापट. "त्याला सांगितलं" मुळे टोल्ड टू हिम, हवं फक्त टोल्ड हिम, पण सेडला मात्र टू लागतो, सेड टू हिम. "विषयावर चर्चा" मुळे डिस्कस अबाउट, हवं नुसतं डिस्कस. "करू शकेन" मुळे आय विल कॅन, हवं आय विल बी एबल टू. "च" मुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी ओन्ली. आणि नकारार्थी प्रश्नाचं उत्तर. "डिडन्ट यू गेट द मेल?" याला आपण "हो, नाही मिळाला" च्या धर्तीवर "येस" म्हणतो आणि समोरचा समजतो मिळाला. परदेशी क्लायंट असेल तर यातून खरा गोंधळ होतो, तेव्हा नुसतं येस-नो न म्हणता पूर्ण वाक्य बोलायचं, "नो, आय डिडन्ट गेट इट".

हे सगळं एकदम करायला घेऊ नका. आपल्या कागदावर सर्वात जास्त वेळा आलेला एक साचा निवडा, एका वेळी एकच.

तपासणी 5: सरावाची पद्धत (फुकट, पण चिकाटी लागते)

इथे एक गैरसमज काढायचाय, कारण त्यापायी चांगली मेहनती माणसं अडकून पडतात. "सर मी व्हिज्युअल लर्नर आहे, मला व्हिडिओच लागतो", किंवा "मला लिहूनच लक्षात राहतं, बोलायला नका लावू". नील फ्लेमिंग आणि कॉलीन मिल्स यांनी 1992 मध्ये व्हार्क नावाची विभागणी मांडली, बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे, हातांनी करून शिकणारे, आणि ती शाळा-कॉलेजांत जोरात पसरली. पुढे 2008 मध्ये हॅरॉल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं आणि निष्कर्ष काढला की माणसाच्या स्टाइलप्रमाणे शिकवलं तर तो जास्त शिकतो याला पुरेसा पुरावा नाही. आवड प्रत्येकाची वेगळी असते हे खरंच, आवडीने अभ्यासाला बसावंसं वाटत असेल तर उत्तमच. पण बोलता यायला बोलावंच लागतं, त्याला व्हिडिओ बघणं हा पर्याय नाही.

उपयोग कशाचा होतो तर न बघता आठवून काढण्याचा. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा 2006 चा प्रयोग आहे, त्यात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवत होतं. आणि मधे अंतर ठेवून परत येण्याचा फायदा तर स्मरणशक्तीवर प्रयोग करणाऱ्या एबिंगहाउसपासून, म्हणजे 1885 पासून माहीत आहे.

मी काय करायला सांगतो, तर निवडलेल्या साच्याची तीन वाक्यं, स्वतःच्या कामातली, पुस्तकातली नाहीत. प्रत्येक वाक्य मोठ्याने तीन रूपांत फिरवायचं: "ही ब्रॉट हिज पॅन कार्ड. ही डिडन्ट ब्रिंग हिज पॅन कार्ड. डिड ही ब्रिंग हिज पॅन कार्ड?" आधी सावकाश, मग वेग वाढवत. उद्या परत, कागद न बघता. मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. त्यानंतर तीच घटना चार मिनिटांत एकाला सांगा, तीन मिनिटांत दुसऱ्याला, दोन मिनिटांत तिसऱ्याला. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लिखाणामुळे ही पद्धत शिक्षकांमध्ये बरीच प्रसिद्ध झाली. माणसं नसतील तर रेकॉर्डर पुरे. वेळ कमी होत गेली की मराठीतून भाषांतर करायला फुरसतच मिळत नाही आणि वाक्य सरळ इंग्रजीत यायला लागतं.

तपासणी 6: कानाला ऐकू येतंय का? (फुकट, थोडं अवघड)

सावकाश बोलणाऱ्या बातमीचा अर्धा मिनिट लावा, थांबवत थांबवत शब्दन् शब्द लिहा, मग स्क्रिप्टशी ताडून बघा. काय गळलं? बहुतेकांच्या कागदावरून अ, द, शेवटचा एस, हॅव-हॅज आणि ईडी गळलेले असतात. कारण बोलताना इंग्रजीत हे तुकडे इतके हलके होतात की नुसता श्वास वाटतो. "आय हॅव बीन" चं "आयव्ह बिन" होतं, त्यातला व्ह जवळजवळ विरतो.

आपल्याकडे अनेक पिढ्या इंग्रजी फळ्यावरून शिकल्या. महाराष्ट्रात मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते 2000 मध्ये, त्याआधी पाचवीपासून, आणि तेही बहुतांशी वाचून-लिहून. डोळ्यांना हॅव दिसतं, कानांनी ते कधी ऐकलेलंच नसतं. जे कानावर पडत नाही ते तोंडी लवकर बसत नाही. तेव्हा आठवड्यातून तीनदा अशी अर्ध्या मिनिटाची डिक्टेशन घ्या, त्याहून जास्त नको, कंटाळा येऊन सुटतं.

"ही गोज" मधला एस बाकी सगळं सुधारल्यावरही गळत राहतो, त्याचा ताण घेऊ नका. इंग्रजी शिकणाऱ्यांवर 1970 च्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत आयएनजी लवकर बसताना दिसतं आणि हा एस उशिरा येणाऱ्यांत सापडतो, नियम सोपा असूनही.

तपासणी 7: अ, ॲन, द (सर्वात अवघड, म्हणून शेवटी)

बरेच जण सुरुवातच इथून करतात आणि वैतागून सोडतात. मराठीत आर्टिकल नाही, "डॉक्टर आले" यात कुठले डॉक्टर ते आपण संदर्भावरून समजतो. इंग्रजीत प्रत्येक नामाला ते सांगावं लागतं. स्वतःला दोन प्रश्न विचारा. ही वस्तू मोजता येते का? आणि मी कुठल्या वस्तूबद्दल बोलतोय ते ऐकणाऱ्याला आत्ता माहीत आहे का? माहीत असेल तर बहुतेक वेळा द. माहीत नसेल, मोजता येत असेल आणि एकच असेल तर अ किंवा ॲन. माहीत नसेल आणि अनेक असतील किंवा मोजता येत नसेल तर काही नको, म्हणून "अ इन्फर्मेशन" नाही, "अ फर्निचर" नाही. आणि "वन कस्टमर" च्या जागी "अ कस्टमर", आकडा सांगायचा असेल तरच वन. याने सगळं सुटणार नाही, नद्यांची नावं, हॉस्पिटलं, आजार यांचे वेगळे नियम आहेत, पण रोजच्या बोलण्यातलं बरंचसं सुटेल. उरलेल्यासाठी वर्षं लागतात आणि त्यावाचून कुणाची नोकरी अडत नाही.

कुठे थांबायचं आणि कुणाकडे जायचं

मराठीत बोलतानाही अडखळत असाल, शब्दाचं पहिलं अक्षर अडकत असेल, तर हा इंग्रजीचा प्रश्न नाही, कुठल्याही स्पोकन क्लासला पैसे देऊ नका, स्पीच थेरपिस्टकडे जा. डिक्टेशन मराठी बातमीचं घेतलं तरी शब्द गळत असतील तर कानाची तपासणी करून घ्या. दोन्हीसाठी मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, इतर शहरांत मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात चौकशी करा.

लहान मूल असेल आणि त्याला इंग्रजीच नाही तर मराठी वाचतानाही अक्षरं जुळवता येत नसतील, वय वाढतंय तरी वाचन पुढे सरकत नसेल, तर ओरडू नका, शिकवणी वाढवू नका, अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ती धरलेली आहे आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात. मुंबईत सायनच्या हॉस्पिटलमध्ये यासाठी क्लिनिक आहे.

परदेशात शिकायला-नोकरीला जाण्यासाठी लागणाऱ्या आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेची तारीख घेतली असेल आणि स्कोअर अर्ध्या-एका बँडने अडत असेल, तरी एकट्याने झगडू नका, त्या परीक्षेचे निकष माहीत असलेला माणूस लागतो. व्हिसा, कोर्ट, करार यांचे कागद तर स्वतःच्या इंग्रजीच्या भरवशावर पाठवूच नयेत.

आणि हे काहीच नसेल, पण दोन महिने रोज वीस मिनिटं सराव करूनही नव्या रेकॉर्डिंगमध्ये तोच साचा तितक्याच वेळा येत असेल, तर तिथे थांबा. एकट्याने आणखी रेटलं तर चूक अजून घट्ट होते. आता समोर बसून ऐकणारा शिक्षक हवा. पन्नास-साठ जणांच्या बॅचमध्ये तुमचं वाक्य कुणी ऐकणार नाही, महिन्याभरात फ्लुएंट करतो म्हणणाऱ्याकडे तर जाऊच नका. फी भरायच्या आधी विचारा, माझं पाच मिनिटं बोलणं ऐकून चुका सांगाल का? हो म्हणाले तर पहिलं आणि शेवटचं रेकॉर्डिंग, उतरवलेले कागद आणि कुठला साचा हलत नाही ते लिहून सोबत न्या, म्हणजे तो शिक्षक तुम्हाला बारा काळांपासून सुरू करणार नाही.